सूर्याची वीज आणि सावकाराचे व्याज

सूर्यप्रकाशावर कोणी कर बसविलेला नाही व वाऱ्याचा मक्ता कोणी घेतलेला नाही. तेव्हा त्यांपासून होणारी वीज फुकट, निदान अगदी स्वल्प मोलात तरी मिळावयास हवी, असा समज आमच्या वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांत सर्रास आढळतो. पालकवर्गातही तो थोडाथोडका नाही. हा समज अर्धाच खरा आहे. कोळशाच्या विजेचा खर्च रोजचा असतो. कोळसा आणावा, जाळावा आणि त्याचे पैसे मोजावेत. सूर्याच्या विजेचा प्रकार निराळा. तेथे पॅनेले, लोखंडी सांगाडे, तारा, यंत्रे व जमीन यांचा जवळजवळ सगळा खर्च पहिल्याच दिवशी करावा लागतो, आणि त्यापुढे वीस-पंचवीस वर्षे सूर्य काही मागत नाही. मात्र पहिल्या दिवशी ज्याने पैसा पुरविला, तो मागत राहतो. या विजेत कोळशाची जागा व्याजाने घेतली आहे, असे म्हटले तरी चालेल.

विद्यार्थिमित्रहो, हे केवळ शब्दांनी पटावयाचे नाही. पाटीवर हिशेब मांडून पाहा. एक लाख रुपये खर्चून छपरावर दोन किलोवॉटची सामग्री बसविली, असे धरा. एक किलोवॉटपासून दिवसास सरासरी चार युनिटे मिळतात, म्हणजे वर्षाकाठी दोहोंची मिळून सुमारे २,९०० युनिटे झाली. हे लाख रुपये वीस वर्षांत सारख्या वार्षिक हप्त्यांनी फेडावयाचे आहेत. दर साल दर शेकडा ६ व्याजाने हप्ता येतो ८,७१८ रुपयांचा. १२ व्याजाने येतो १३,३८८ रुपयांचा. म्हणजे पहिल्या घरी युनिटास सुमारे तीन रुपये पडतात, आणि दुसऱ्या घरी साडेचार रुपयांहूनही अधिक. दोन्ही छपरे शेजारी शेजारी आहेत, पॅनेले एकाच कारखान्यातील आहेत, ऊनही तेच आहे. दुरुस्तीचा खर्च आम्ही मुद्दाम सोडून दिला आहे. तो धरला तरी तात्पर्य बदलत नाही. सूर्य भला-बुरा पाहत नाही, परंतु सावकार पाहतो. आणि ज्याची पत कमी त्याला तीच वीज दीडपट दराने विकत घ्यावी लागते.

जे दोन घरांचे, तेच दोन देशांचे. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने आपल्या अहवालांतून दाखविले आहे की, सौर प्रकल्पासाठी लागणारे भांडवल विकसनशील देशांस श्रीमंत देशांच्या दुप्पट किंवा त्याहूनही अधिक दराने मिळते. आफ्रिकेच्या सहारा वाळवंटाखालील प्रदेशात सुमारे साठ कोटी माणसे अद्यापि विजेवाचून आहेत. उन्हाला तेथे तोटा नाही, तोटा आहे तो स्वस्त कर्जाचा. परदेशी कर्ज दिसावयास स्वस्त असते खरे, पण ते डॉलरात फेडावयाचे आणि विजेचे उत्पन्न मात्र रुपयात यावयाचे. २०१० साली एका डॉलरास ४५ रुपयांच्या आसपास पडत; २०२४ च्या अखेरीस ८५ पडू लागले. ज्याने त्या काळी डॉलरात कर्ज काढून वीस वर्षांचा करार रुपयात केला असेल, त्याची अवस्था काय झाली असेल याची कल्पना करावी.

आता प्रश्न असा की, हे भांडवल कोणी पुरवावे? या प्रश्नावर आपल्याकडे दोन तट आहेत. एकाचे म्हणणे असे की, वीज ही सार्वजनिक गरज आहे, सबब ती सरकारनेच आपल्या पैशाने निर्माण करावी. दुसऱ्याचे म्हणणे असे की, सरकारने यात हातच घालू नये. नफ्याच्या आशेने खासगी भांडवल आपोआप येईल. वादविवाद-मंडळांत हा विषय चांगला रंगतो. परंतु सह्याद्रीच्या कुशीत दोन्ही पंथांचे जुने नमुने उभे आहेत. खोपोलीचे वीजघर १९१५ साली सुरू झाले ते टाटांच्या कंपनीने उभे केले. त्याचे भांडवल याच देशातील संस्थानिकांनी व व्यापाऱ्यांनी पुरविले. कोयनेची वीज १९६२ पासून मिळू लागली. ती सरकारने निर्माण केली व तीसाठी जागतिक बँकेचे कर्ज काढले. दोन्हींनी महाराष्ट्राच्या व मुंबईच्या गिरण्या-कारखान्यांस बळ दिले. पैसा कोणाच्या पेटीतून आला यावरच यश अवलंबून असते, असे या दोहोंच्या इतिहासावरून तरी म्हणता येत नाही.

आमचे मत स्पष्ट आहे. सरकारजवळ पैसा थोडा आहे, आणि त्या पैशास शाळा, दवाखाने व पाणी यांची मागणी आधीची आहे. म्हणून या कामी सरकारी पैशाने यंत्रे विकत घेण्यापेक्षा विश्वास विकत घ्यावा. धनकोला जी भीती वाटते ती नाहीशी करण्याकडे तो खर्च व्हावा. म्हणजे व्याज उतरेल, आणि व्याज उतरले की बांधणारे पुष्कळ पुढे येतील. हे आम्ही केवळ तर्काने म्हणत नाही. मध्य प्रदेशातील रेवा जिल्ह्यात हे घडून आले आहे आणि त्याची हकीकत विस्ताराने सांगण्यासारखी आहे.

रेवा जिल्ह्यात गुढ तहसिलीत सुमारे दीड हजार हेक्टर जमिनीवर ७५० मेगावॉटचा सौर प्रकल्प आहे. राज्य सरकारचे महामंडळ व केंद्राचे सौर महामंडळ यांनी मिळून एक कंपनी काढली. या कंपनीने वीज निर्माण करण्याच्या भरीस न पडता, निर्माण करणाऱ्याच्या वाटेतील काटे काढण्याचे काम पत्करले. जमीन मिळवून दिली. आतील उपकेंद्रे व तारा यांसाठी जागतिक बँकेचे कर्ज घेतले. त्यानंतर करार असा लिहिला की, तो वाचून सावध माणसासही कर्ज देण्याचा धीर व्हावा. वीज तयार असूनही तारांच्या दोषामुळे ती उचलली गेली नाही, तर भरपाई मिळेल. घेणाराने पैसे थकविले, तर प्रथम बँकेचे पतपत्र. ते न पुरल्यास राखीव निधी. आणि तोही न पुरल्यास राज्य सरकारची हमी. शिवाय एकाच गिऱ्हाइकावर भिस्त ठेवली नाही. चोवीस टक्के वीज दिल्लीच्या मेट्रो रेल्वेने घ्यावयाची व बाकीची मध्य प्रदेशाने, असे ठरले. दिल्लीची रेल्वे रेव्यातील उन्हावर चालेल असे तीस वर्षांपूर्वी कोणी म्हटले असते, तर त्याची गणना कवींतच झाली असती!

फेब्रुवारी २०१७ मध्ये उलटा लिलाव झाला. नेहमीच्या लिलावात बोली चढते, येथे ती उतरावयाची. जो सर्वांत कमी दराने वीज देईल त्याला काम. हा लिलाव तेहतीस तास चालला. शेवटी पहिल्या वर्षाचा दर युनिटास २ रुपये ९७ पैशांवर आला. त्यापूर्वी, जानेवारी २०१६ मध्ये, राजस्थानातील भाडला येथे ४ रुपये ३४ पैशांची बोली लागली होती, आणि तोच तोवरचा नीचांक मानला जात होता. मध्यंतरीच्या काळात पॅनेलांच्या किमती जगभर उतरल्या होत्या हे सांगितलेच पाहिजे. सगळे श्रेय कराराला देणे हा पक्षपात होईल. तथापि रेव्यास बांधणाराला सरकारने नुकसानभरपाईखातर रोख अनुदान दिले नव्हते, हेही तितकेच लक्षात ठेवण्यासारखे आहे. दिली ती हमी. आणि हमीची खुबी अशी की, ती वेळेवर पाळणाराचा तीवर फारसा खर्चही होत नाही.

अर्थात् हमी देणे सोपे, पाळणे कठीण. आंध्र प्रदेशात २०१९ साली नवे सरकार आले, आणि आधीच्या सरकारने केलेले वारा व सूर्य यांच्या विजेचे करार महाग आहेत, ते पुन्हा ठरविले पाहिजेत, असे म्हणून त्याने एक समिती नेमली. जुने दर खरोखरच नव्या लिलावांपेक्षा चढे होते. प्रजेचा पैसा वाचविण्याचा हेतू वाईट म्हणता येणार नाही. परंतु कंपन्या न्यायालयात गेल्या, त्यांच्या देयकांचा ओघ आटला, धनकोंनी धास्ती घेतली, आणि मार्च २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने करार कायम धरून थकबाकी देण्याचा हुकूम केला. या सर्व खटाटोपात एका राज्याने किती रुपये वाचविले हा हिशेब निराळा. पण पुढच्या प्रत्येक कर्जाच्या व्याजात, ‘हे सरकार बदलले तर?’ या प्रश्नाची किंमत मिळविली जाऊ लागते, ती कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही. दिलेला शब्द महाग वाटू लागला म्हणून मोडावा, ही शिकवण आम्ही वर्गात देत नाही. राज्यकारभारात तरी ती कशी द्यावी?

वीज वितरण कंपन्यांच्या थकबाकीची गोष्टही याच जातीची. विजेचे पैसे सहा-सहा महिने न देण्याची सवय आपल्या देशात इतकी रुळली होती की, तिचा कोणाला संकोचही वाटेनासा झाला होता. २०२२ साली केंद्र सरकारने उशिराच्या देयकांवर अधिभार बसविणारे व थकविणाराची बाजारातील वीज तोडणारे नियम केले, त्यानंतर कोठे परिस्थिती सुधारू लागली. सौरशक्तीच्या प्रसारासाठी निघालेल्या पुष्कळ दिखाऊ योजनांपेक्षा हे रूक्ष नियम अधिक उपयोगी आहेत, असे आम्हांस वाटते.

येथवर मोठ्या प्रकल्पांचे झाले. परंतु ज्याच्या घरी तारच पोहोचलेली नाही अशा गरिबाचे काय? त्याला कोणती बँक कर्ज देणार, आणि कोणत्या तारणावर? या प्रश्नाचे उत्तर आपल्या शेजारच्या बांगलादेशाने दिले, आणि पुढे स्वतःच बिघडविले. दोन्ही भाग शिकण्यासारखे आहेत.

तेथे सरकारी मालकीची इडकॉल नावाची एक वित्तसंस्था आहे. २००३ साली तिने जागतिक बँकेच्या व इतरांच्या पैशाने खेड्यांत घरगुती सौर दिवे देण्यास आरंभ केला. दिवे ती स्वतः विकत नसे. ग्रामीण शक्ती इत्यादी संस्थांस ती हलक्या व्याजाने पैसा देई. त्या संस्थांचे लोक गावोगाव जाऊन छपरावर लहानसे पॅनेल व घरात बॅटरी बसवून देत. घरधनी प्रथम किमतीचा दहा-पंधरा टक्के भाग भरी आणि उरलेली रक्कम दोन-तीन वर्षांत हप्त्यांनी फेडी. हप्ता साधारणतः रॉकेलावर जो खर्च होई त्याच्याच मानाने बसविलेला असे. हप्ता नेणारा माणूस दर महिन्यास दारी येई, म्हणून दिवा बिघडला तर तक्रार कोणापाशी करावी हेही कळे. किंबहुना दिवा दुरुस्त ठेवण्यात त्या माणसाचाही स्वार्थ होता, कारण बिघडलेल्या दिव्याचा हप्ता कोण देणार? आरंभी पन्नास हजार घरांचे उद्दिष्ट होते. ते मुदतीच्या तीन वर्षे आधीच पुरे झाले. पुढील पंधरा वर्षांत चाळीस लाखांहून अधिक घरांत हे दिवे लागले. जागतिक बँकेचा पैसा, सरकारी संस्थेची देखरेख, खासगी संस्थांची पायपीट आणि गरिबाचा हप्ता, या चौघांची अशी जोड क्वचितच जमते.

मग बिघडले कोठे? एक तर विजेच्या तारा अपेक्षेपेक्षा लवकर खेड्यांत पोहोचल्या. याबद्दल कोणी दुःख करण्याचे कारण नाही. परंतु दुसरे कारण असे की, त्याच सरकारच्या दुसऱ्या खात्याने तसलेच दिवे गावोगाव फुकट वाटण्यास सुरुवात केली. शेजाऱ्याला फुकट मिळाला आणि आपण मात्र हप्ता भरतो आहोत, हे पाहिल्यावर हप्ता भरणाराचे मन फिरले तर त्याला दोष कसा द्यावा? २०१३ च्या सुमारास कळसास पोहोचलेली विक्री झपाट्याने उतरली, संस्थांची येणी बुडाली, आणि त्यांच्याकडून इडकॉलची. एका हाताने सरकारने पत उभी केली व दुसऱ्या हाताने ती मोडली. दान हे पुण्यकर्म खरे. पण ते कोठे पडते हे न पाहता केलेले दान शेजारच्या कष्टाळू माणसाचे नुकसान करून जाते.

हे सर्व डोळ्यांपुढे ठेवून आपल्या घराकडे पाहावे. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने एक कोटी घरांच्या छपरांवर सौर पॅनेले बसविण्याची सूर्यघर योजना जाहीर केली आणि तीसाठी ७५,०२१ कोटी रुपयांची तरतूद केली. तीन किलोवॉटच्या सामग्रीस ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान ठरले. उरलेल्या रकमेस तारण न मागता बँकेचे कर्ज मिळण्याची सोयही ठेवली. आमच्या पालकांपैकी काहींनी या योजनेचा लाभ घेतला असेल. तो त्यांनी अवश्य घ्यावा. परंतु योजनेच्या मांडणीविषयी आमचा आक्षेप आहे. अनुदान ज्याला मिळते, त्याला आधी स्वतःचे छप्पर असावे लागते. चाळीत दोन खोल्यांत भाड्याने राहणारे कुटुंब, ज्याच्या डोक्यावरचे छप्पर दुसऱ्याचे आहे, तेही कापडचोपडाच्या खरेदीत कर भरते. त्या कराचा अंश बंगल्यावरच्या पॅनेलात जातो. वर मांडलेले गणित आठवावे. घरमालकाला रोख देणगीची गरज थोडी आहे, त्याला हलक्या व्याजाचे कर्ज पुरे आहे. देणगीची रक्कम हळूहळू उतरवून तो पैसा, ज्यांना बँक दारात उभी करीत नाही त्यांच्या लहान कर्जांच्या हमीसाठी, व चाळी आणि वस्त्यांच्या सामाईक सामग्रीसाठी वळवावा, असे आमचे म्हणणे आहे. त्यामुळे नव्या छपरांची गती काहीशी मंदावेल, हा दोष आम्ही मान्य करतो.

शेतीपंपांची गोष्ट थोडी निराळी. केंद्राची कुसुम योजना २०१९ साली निघाली, तेव्हा मूळ वाटणी केंद्राने ३० टक्के, राज्याने ३० टक्के आणि शेतकऱ्याने, बहुतांशी कर्ज काढून, ४० टक्के अशी होती. महाराष्ट्रात ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ या योजनेत शेतकऱ्याचा वाटा १० टक्क्यांवर, आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी ५ टक्क्यांवर आणला आहे. कोरडवाहू शेतकऱ्याची दशा ज्याने पाहिली आहे तो याला नावे ठेवणार नाही. रात्री-बेरात्री विंचूकाट्यातून पंप सुरू करावयास जाणे आता कोणाच्या नशिबी येऊ नये. परंतु तो दहा-पाच टक्क्यांचा वाटा शून्यावर आणण्याचा मोह कोणत्याही निवडणुकीत कोणालाही न होवो. तो वाटा आहे म्हणूनच पंप आपला आहे व बिघडल्यास कंपनीला जाब विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे, हे शेतकऱ्यास वाटते. (या पंपास बिल येत नाही, म्हणून विहिरीचे पाणी उपसण्यास धरबंध राहत नाही, ही चिंता खरी आहे, पण तो विषय भूगोलाच्या शिक्षकांनी स्वतंत्रपणे लिहावा.)

बुरूज बांधावयास निघालेल्या मनुष्याचा शुभवर्तमानातील दाखला आमच्या विद्यार्थ्यांस पाठ आहे. खर्चाचा अंदाज आधी बसून करावा हे त्यातून आपण शिकतो. परंतु बुरूज ज्या जमिनीवर उभा राहतो तिच्यावर आधी कोण राबत होते, हा आकडाही अंदाजात धरावयास हवा. मुळशीच्या धरणाच्या वेळी तो नीट धरला गेला नाही. टाटा कंपनीसाठी सरकारने कायद्याने जमिनी घेतल्या. १९२१ साली मावळ्यांनी सत्याग्रह आरंभिला. सेनापती बापटांनी त्यासाठी तुरुंगवास सोसला. तरीही धरण झालेच, आणि १९२७ पासून भिऱ्याची वीज मुंबईस जाऊ लागली. जमिनीच्या मोबदल्यात सावकार व कूळ यांचे हित एक नव्हते, त्यामुळे ती चळवळ आतूनच दुभंगली होती, हेही इतिहासाने नोंदले आहे. कोयनेच्या धरणग्रस्तांची गाऱ्हाणी तर धरण सरकारी असूनही कित्येक दशके रेंगाळली. म्हणजे या बाबतीतही खासगी वाईट आणि सरकारी चांगले, अथवा उलट, असा निवाडा देता येत नाही.

आजची पद्धत त्या मानाने सुधारलेली आहे. महाराष्ट्राच्या सौर कृषी वाहिनी योजनेच्या २०२३ च्या दुसऱ्या टप्प्यात खासगी जमीन विकत न घेता भाड्याने घेण्याचे ठरले. हेक्टरी वर्षास सव्वा लाख रुपये, आणि त्यात दर वर्षी तीन टक्के वाढ. जमीन शेतकऱ्याच्याच नावावर राहते. शिवाय ज्या गावात प्रकल्प होईल तेथील ग्रामपंचायतीस तीन वर्षे दर साल पाच लाख रुपये मिळावयाचे आहेत. मुळशीच्या कुळास असे काही मिळाले असते, तर त्या खोऱ्याचा इतिहास निराळा झाला असता. परंतु पुष्कळ ठिकाणी हे प्रकल्प सरकारी गायरानावर उभे राहत आहेत, आणि काही गावांनी त्यास हरकत घेतली आहे. ज्याच्या नावावर सातबारा आहे त्याला भाडे मिळते. पण गायरानात ज्याच्या चार शेळ्या चरत होत्या त्याचे नाव कोणत्याच कागदावर नाही, मग भाडे तरी कोणाला द्यावयाचे? ग्रामपंचायतीस मिळणाऱ्या त्या पंधरा लाखांतून पहिला हिस्सा अशा घरांच्या चाऱ्यासाठी काढून ठेवावा, पॅनेलांच्या रांगांखाली उगवणारे गवत कापून नेण्याचा हक्क त्यांना करारात लिहून द्यावा, आणि कुंपण घालण्यापूर्वी ग्रामसभेत त्या घरांची यादी वाचून दाखवावी.